ना विमान, ना हेलिकॉप्टर!

(एस. वाय. बी. ए.)

‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेपासून आजतागायत शेकडो वेळा सोडविला असेल. कागदाच्या मधोमध पट्टीने एक रेघ ओढायची, डावीकडे एक नाव, उजवीकडे दुसरे नाव आणि खाली क्रमांक घालून चार-पाच मुद्दे. एका बाजूला ‘असते’ आले की दुसऱ्या बाजूला ‘नसते’ लिहायचे. पाच मुद्दे, पाच गुण. ह्या पद्धतीचे उपयोग पुष्कळ आहेत. परंतु रेघेच्या कोणत्याच बाजूला न मावणारी वस्तू समोर आली म्हणजे आपली पंचाईत होते. मग ‘अर्धे हे आणि अर्धे ते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अशाच एका वस्तूची, ऑटोजायरो नावाच्या उडत्या यंत्राची, बाजू ह्या लेखात मांडायची आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे हे काहींना खटकेल. ‘तो प्रांत सायन्सवाल्यांचा’ असे सांगून आपण अनेक गोष्टींकडे पाठ फिरवितो. मला गणिताची सूत्रे येत नाहीत, आणि ह्या लेखात ती येणारही नाहीत. पण एखादे यंत्र तसे का झाले, ते करणाऱ्या माणसाने स्वतःला कोणता प्रश्न विचारला होता, हा काही केवळ सूत्रांचा विषय नव्हे. तो विचाराचा विषय आहे, आणि विचार कोणत्याही शाखेला वर्ज्य नाही.

प्रथम ऑटोजायरो दिसते कसे ते पाहू. चित्रात पाहिले तर कोणीही त्याला हेलिकॉप्टरच म्हणेल, कारण डोक्यावर लांब पात्यांचे चक्र गरगर फिरत असते. बारकाईने पाहिले तर मात्र विमानासारखा एक प्रोपेलरही आढळतो. जुन्या यंत्रांत तो नाकाशी असे, आजच्या छोट्या यंत्रांत बहुधा पाठीमागे असतो. जेम्स बाँडच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ ह्या १९६७ सालच्या चित्रपटात ‘लिटल नेली’ नावाचे एक चिमुकले यंत्र आहे. ते ऑटोजायरोच होते, आणि ते बनविणारे केन वॉलिस ह्यांनीच ते चित्रीकरणासाठी उडविले होते.

आता आपल्या सवयीप्रमाणे तक्ता करू. विमानाला स्थिर पंख असतात. ऑटोजायरोला तसे नसतात, किंवा असले तर आखूड असतात. विमान वेगाने जाते. ऑटोजायरो तितक्या वेगाने जात नाही. हेलिकॉप्टर जागच्या जागी हवेत स्थिर राहते. ऑटोजायरोला ते जमत नाही. हेलिकॉप्टर सरळ वर उचलले जाते. ऑटोजायरोला बहुधा थोडे धावावे लागते. तक्त्यातले सर्व मुद्दे बरोबर आहेत. पण तो वाचून झाल्यावर मनात काय उरते? एक विद्यार्थी, जो दोन्ही विषयांत नापास झाला आहे! मग असे यंत्र कोणी शहाण्या माणसाने बनविलेच कशाला, असा प्रश्न पडतो. आणि त्याचे उत्तर तक्त्यात कोठेच सापडत नाही. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

उत्तर हवे असेल तर तिन्ही यंत्रांना एकच प्रश्न विचारला पाहिजे : तुला हवेत धरून ठेवणारी पाती किंवा पंख कोणामुळे हलतात, आणि हवा त्यांना कोठून भेटते?

विमानाचे पंख अंगाला घट्ट जखडलेले असतात. पंखावरून हवा वेगाने वाहिली तरच तो भार उचलतो, आणि ती वाहावी म्हणून सबंध विमानालाच धावावे लागते. इंजिन विमानाला पुढे नेते आणि उचलण्याचे काम पंख करतात. म्हणजे विमानाचा वेग तोच पंखाचा वेग. हा वेग कमी होऊ लागला की वैमानिक नाक वर करून तूट भरून काढू पाहतो. परंतु एका मर्यादेपलीकडे पंखाचा कल वाढला की त्याच्या पाठीवरून सुरळीत वाहणारी हवा विस्कटते, पंखाची उचल एकाएकी घटते आणि विमान खाली कोसळू लागते. ह्यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. पुरेशी उंची असेल तर सावरता येते. जमिनीजवळ असेल तर सावरायला अवधीच उरत नाही.

हेलिकॉप्टरने ह्यावर वेगळा तोडगा काढला. वेग हवा आहे पंखांना, मग सबंध यंत्राने कशाला धावायचे? पंखच गरगर फिरवावेत! इंजिनाची शक्ती सरळ डोक्यावरच्या चक्राला दिली जाते आणि त्याची पाती वरची हवा ओढून खाली ढकलतात. त्यामुळे धड एका जागी थांबले तरी चालते. मात्र ह्या सोयीची किंमत मोजावी लागते. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते, त्याच न्यायाने इंजिन चक्राला एका दिशेने फिरवू लागले की धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवरण्यासाठी शेपटीला आणखी एक छोटा पंखा लागतो, नाहीतर उलटसुलट फिरणारी दोन चक्रे लागतात. चालविणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत गुंतलेले राहतात, आणि यंत्रही गुंतागुंतीचे व महाग होते.

ऑटोजायरोत इंजिन फक्त प्रोपेलर फिरविते. डोक्यावरचे चक्र आसावर मोकळे असते. उडत असताना इंजिनाचा आणि त्याचा काहीही संबंध नसतो. हे चक्र किंचित मागे कललेले असते. प्रोपेलरमुळे यंत्र पुढे जाऊ लागले की समोरची हवा चक्राच्या खालच्या बाजूने शिरते आणि पात्यांमधून वर निघून जाते. ह्या हवेनेच चक्र फिरत राहते, आणि फिरणारी पाती पंखांसारखी यंत्राला उचलून धरतात. हेलिकॉप्टरमध्ये हवा चक्रातून वरून खाली जाते आणि पुढे जाताना चक्र पुढे कलते. ऑटोजायरोत हवा खालून वर जाते आणि चक्र मागे कलते. सगळ्या तक्त्यात खरा फरक हा एवढाच आहे. बाकीचे सारे फरक ह्याच्या पोटातून निघतात. चक्राला इंजिन फिरवीत नाही, म्हणून धड उलट फिरत नाही. म्हणून शेपटीचा पंखा लागत नाही. म्हणून यंत्र सोपे आणि स्वस्त. आणि चक्रातून हवा जाण्यासाठी पुढे सरकणे भाग, म्हणून वारा नसेल तर एका जागी थांबता येत नाही.

येथे जत्रेतले भिरभिरे आठवते. तेही वाऱ्यानेच फिरते. पण ही तुलना अर्धीच खरी आहे. भिरभिऱ्याचा दुमडलेला कागद वाऱ्याच्या धक्क्याने फिरतो. ऑटोजायरोच्या पात्याची तऱ्हा त्याहून घारीशी अधिक जुळते. पंख न हालविता तरंगणारी घार आपण सर्वांनी पाहिली आहे. ती भोवतालच्या हवेत किंचित खाली उतरत असते, आणि त्या उतरण्याच्या बळावरच पुढे सरकत असते. अशा चार घारी एका खांबाला दोरीने बांधल्या आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक घार पुढे सरकू पाहील आणि दोरीमुळे खांबाभोवती फिरत राहील. ऑटोजायरोचे प्रत्येक पाते म्हणजे अशी एक घार. खालून येणाऱ्या हवेवर ते तरंगते, म्हणून पुढे सरकते, म्हणजेच फिरते. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. उडताना ही शक्ती शेवटी प्रोपेलर ओढणाऱ्या इंजिनाकडूनच येते, आणि इंजिन बंद पडले तर गमावलेल्या उंचीतून येते.

आणि मुख्य मुद्दा ह्या शेवटच्या वाक्यात आहे. इंजिन बंद पडले म्हणजे ऑटोजायरो खाली येऊ लागते. खाली येऊ लागले म्हणजे हवा खालूनच लागते, आणि हवा खालून लागली म्हणजे चक्र फिरतच राहते. यंत्र दगडासारखे पडत नाही, ते उतरते. वेग अगदी कमी झाला तरी विमानासारखा स्टॉल होत नाही, कारण पात्यांचा वेग यंत्राच्या वेगावर अवलंबून नसतो.

हेच तर ते बनविणाऱ्याला हवे होते. त्याचे नाव हुआन दे ला सिएर्वा. जन्म १८९५, स्पेनमधील मुर्सिया येथे. शिक्षणाने इंजिनिअर. १९१९ साली त्याने आराखडा केलेले तीन इंजिनांचे मोठे विमान चाचणीच्या वेळी जमिनीजवळ वेग कमी पडल्याने स्टॉल होऊन कोसळले. अशा वेळी वैमानिकाच्या माथी दोष मारून हात झटकता येतात. सिएर्वाने प्रश्न यंत्रालाच विचारला : मंद गतीने चालणे हा उडत्या यंत्रात इतका मोठा गुन्हा का असावा? हवेत एका जागी थांबायचे कसे, हा त्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ‘ते थांबू शकत नाही’ ह्या मुद्द्यावर त्याला नापास करणे म्हणजे मराठीच्या पेपराला इतिहासाची उत्तरपत्रिका लावून गुण देण्यासारखे आहे.

उत्तर सहज सापडले नाही. १९२० पासूनची त्याची पहिली यंत्रे उडण्याऐवजी एका कुशीवर कलंडत. कारण असे : यंत्र पुढे जात असताना एका बाजूचे पाते समोरच्या हवेत पुढे घुसते, तर दुसऱ्या बाजूचे पाते हवेबरोबर मागे जाते. पुढे घुसणाऱ्याला हवा अधिक वेगाने भेटते, म्हणून त्या बाजूची उचल जास्त आणि दुसऱ्या बाजूची कमी. गंमत अशी की त्याने केलेली लहान प्रतिकृती मात्र व्यवस्थित उडे. फरक हा होता की प्रतिकृतीची पाती वेताच्या काड्यांवर केलेली, म्हणून लवचिक होती. जास्त उचल मिळालेले पाते थोडे वर वाकून ती सोडून देई. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. सिएर्वाने पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसविल्या. दाराच्या फळीसारखे पाते वरखाली हलू लागले आणि दोन्ही बाजूंचा तोल साधला. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे येथे त्याचे ‘सी-४’ हे यंत्र उडाले. पुढे थोड्याच दिवसांत एका उड्डाणात नाक वर असतानाच इंजिन बंद पडले, आणि यंत्र न कोसळता खाली उतरले. ज्या प्रसंगाने १९१९ साली विमानाचा चुराडा केला होता, त्याच जातीच्या प्रसंगातून हे यंत्र सुखरूप सुटले.

त्यानंतरची काही वर्षे ह्या यंत्राच्या वैभवाची होती. आरंभी उड्डाणापूर्वी चक्राला गती देण्यासाठी त्याला दोर गुंडाळून माणसे तो ओढीत. आपण भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तसाच प्रकार. पुढे तेवढ्यापुरता इंजिनाचा जोड देऊन उडताना तो सोडविण्याची युक्ती निघाली. १९२७ साली इंग्लंडमध्ये एका यंत्राचे पाते हवेत तुटले, तेव्हा पात्याला पुढेमागे हलू देणारी दुसरी बिजागरी आली. १८ सप्टेंबर १९२८ रोजी सिएर्वा स्वतः ऑटोजायरो चालवीत लंडनहून इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला गेला. अमेरिकेत हॅरल्ड पिटकेर्नने ही यंत्रे बांधली. अमेलिया इअरहार्ट ह्या वैमानिक महिलेने एप्रिल १९३१ मध्ये त्यांपैकी एक १८,४१५ फूट उंचीवर नेले, आणि त्याच महिन्यात एक ऑटोजायरो व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरले. १९३९-४० मध्ये फिलाडेल्फिया शहरात पोस्टाच्या इमारतीच्या गच्चीवरून विमानतळापर्यंत टपाल नेण्याचे काम ऑटोजायरोने केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने रडार यंत्रांच्या मोजमापाची शहानिशा करण्यासाठी त्याचा उपयोग केला.

मग ते मागे का पडले? खरे सांगायचे तर कारणे रास्त होती. लांबच्या प्रवासाला विमान अधिक वेगवान होते. बुडत्या माणसावर हवेत थांबून दोर सोडणे, डोंगराच्या कड्यावरून जखमी उचलणे, ही कामे हेलिकॉप्टरलाच जमणारी होती. आणि लष्कराला तीच हवी होती. सिएर्वा हे पाहायला राहिला नाही. ९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात उड्डाण करणारे एक प्रवासी विमान कोसळले. त्यातील मृतांमध्ये तो होता. वय अवघे ४१.

शिवाय ऑटोजायरो पडतच नाही, असा दावा कोणी केला तर तोही खोटा ठरेल. चक्रातून खालून हवा जाणे हाच त्याचा प्राण आहे. वेगात असताना वैमानिकाने दांडा झटक्याने पुढे लोटला तर चक्रावरचा भार हलका होतो, हवा मिळेनाशी होते, पाती मंदावतात, आणि मग सावरणे बहुधा अशक्य होते. हौशी मंडळींच्या छोट्या ऑटोजायरोंचे अनेक प्राणघातक अपघात अशाच प्रकारे झाले आहेत. सोपे यंत्र म्हणजे शिक्षणावाचून चालविण्याचे यंत्र नव्हे. विमानाचे गुण-दोष विमानाचे, तसे ह्याचे गुण-दोष ह्याचे. ते उसने आणलेले नाहीत, एवढेच माझे म्हणणे.

पण ‘मागे पडले’ म्हणजे ‘वाया गेले’ असे समजणे हीसुद्धा तक्त्याचीच चूक आहे. १९३६ साली जर्मनीत उडालेले ‘फोके-वुल्फ ६१’ हे यशस्वी हेलिकॉप्टर ज्या हाइनरिश फोकेने केले, त्याच्या कंपनीने आधी सिएर्वाची ऑटोजायरो परवान्याने बांधली होती. इगोर सिकोर्स्कीचे हेलिकॉप्टर १९३९ मध्ये जमिनीवरून उचलले गेले, ते सिएर्वाच्या बिजागरीनंतर सोळा वर्षांनी. पिटकेर्नच्या कंपनीने आपल्या हक्काच्या शोधांचा हेलिकॉप्टरांत वापर झाल्याबद्दल १९५१ साली अमेरिकन सरकारविरुद्ध दावा लावला. तो अखेर तिने जिंकला, पण त्याला इतकी वर्षे लागली की १९६० साली वारलेल्या पिटकेर्नला तो निकाल पाहायला मिळाला नाही.

ह्याहून मोठा पुरावा मात्र आजही आकाशात आहे. उडत्या हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तर वैमानिक काय करतो? तो ताबडतोब पात्यांचा कल कमी करतो, चक्र इंजिनापासून सुटे होते, यंत्र खाली येऊ लागते, आणि खालून येणारी हवा चक्राला फिरवीत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर फिरत्या चक्रात साठलेली गती वापरून तो यंत्र हलके टेकवितो. ह्याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना ते शिकावेच लागते. म्हणजे संकटाच्या त्या मिनिटापुरते हेलिकॉप्टर हे ऑटोजायरो होते! ज्याला आपण ‘अपुरे हेलिकॉप्टर’ म्हणतो, त्याच्याच रीतीने पुरे हेलिकॉप्टर आपला जीव वाचविते. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

मित्रहो, मला वाटते हा प्रश्न केवळ यंत्रांपुरता नाही. मराठीच्या तासाला आपण कथा आणि कादंबरी ह्यांतील फरक लिहितो, आणि दीर्घकथा आली की ‘कथेहून मोठी, कादंबरीहून लहान’ असे सांगून पुढे जातो. जणू दीर्घकथेला स्वतःचे असे काही म्हणायचेच नसते. राज्यशास्त्रात संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींचे दोन रकाने पाठ असतात, आणि फ्रान्सची १९५८ ची राज्यघटना आली की ‘दोहोंचे मिश्रण’ हे दोन शब्द पुरेसे वाटतात. ती घटना कोणत्या अडचणीतून निघाली, फ्रान्समधील सरकारे त्यापूर्वी किती झटपट कोसळत होती, हे विचारले तर ते ‘मिश्रण’ न राहता एका प्रश्नाचे उत्तर म्हणून दिसू लागते.

तक्त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांच्या घरात आपल्याआधी कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा आमच्यासारख्यांना रात्री अडलेली शंका विचारायला घरात कोणी नसते. तेव्हा तो पाच मुद्द्यांचा तक्ता हाच आधार असतो, आणि त्याच्या आधारावरच आम्ही येथवर आलो. पण त्यामुळेच त्याची मर्यादाही आम्हांला कळली पाहिजे. तक्ता ‘काय आहे आणि काय नाही’ एवढेच सांगतो. ‘कशासाठी’ हे सांगत नाही. नुसते तक्ते पाठ करून आपण पदवीधर होऊ, पण समोर एखादी नवी वस्तू, नवा विचार किंवा नवा माणूस आला, की ‘हा ना इकडचा, ना तिकडचा’ असे म्हणून त्याला बाजूला सारण्याची सवय मात्र अंगी जडेल.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न खुशाल विचारावा. पण वर्षातून एखाद्या चाचणीत तरी त्याला एक पोटप्रश्न जोडावा : ‘हा फरक का पडला?’ आणि अधूनमधून रेघेच्या कोणत्याच बाजूला न बसणारी एखादी गोष्ट मुद्दाम आमच्यापुढे टाकावी. सुरुवातीला आमचे गुण कमी होतील, वर्गात कुरकुरही होईल. पण सिएर्वाची पहिली यंत्रेही कलंडलीच होती. ताठ पात्यांच्या जागी बिजागरी आल्यावर ती उडाली.